विंडोज १० वरून विंडोज ११ वर: आदल्या संध्याकाळपासून दहाव्या दिवसापर्यंत

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतरही संगणक सुरू होतो, फाइल उघडतात, सगळं पूर्वीसारखंच दिसतं. त्यामुळे आपलं काही अडलेलं नाही असं पुष्कळांना वाटतं. पण सुरक्षेतली जी नवी भगदाडं सापडतात ती बुजवणारे अपडेट त्या तारखेपासून आपोआप येत नाहीत. त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होत असतील, घरच्यांचे फोटो आणि कागदपत्रं त्यातच असतील, तर अपग्रेडचा विचार लांबवू नये असं मला मनापासून वाटतं.

हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. 'इन्स्टॉल' दाबल्यानंतर बहुतेक कष्ट संगणकच उपसतो. आपलं काम त्याच्या आदल्या दिवशीचं असतं. बिघडलेली जी अपग्रेड निस्तरायची वेळ माझ्यावर आली, ती बहुतेक त्या आदल्या दिवशीच बिघडलेली होती. म्हणून तयारीवर जास्त लिहिलं आहे. तो भाग गाळून थेट डाउनलोडकडे जाऊ नका.

आधी संगणक पात्र आहे का ते बघा

विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि आर एकत्र दाबा. डाव्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडेल. त्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. आत्ता कोणतं विंडोज आहे आणि त्याची कोणती आवृत्ती आहे ते समोर येईल. काही जणांच्या संगणकावर विंडोज ११ आधीच आलेलं असतं आणि त्यांना पत्ताही नसतो, म्हणून सुरुवात इथून.

विंडोज ११ च्या किमान अटी अशा: ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबीची डिस्क, सिक्युअर बूट करू शकणारं यूईएफआय (विंडोजच्या आधी चालणारं, जुन्या बायोसच्या जागी आलेलं संगणकाचं मूळ सॉफ्टवेअर) आणि टीपीएम २.० (किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षेची सोय). प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतलाही असावा लागतो. ढोबळ मानाने इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची, आणि एएमडी रायझनची २००० ही मालिका किंवा त्यापुढची असेल तर चालतं. यातलं काही पाठ करायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं छोटं मोफत ॲप आहे. ते उतरवून 'चेक नाऊ' दाबा, कोणती अट पूर्ण होते आणि कोणती नाही ते ओळीने दिसतं.

माझं मत विचाराल तर ४ जीबी रॅमवर विंडोज ११ बसतं खरं, पण ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की दम लागतो. रॅम ८ जीबी असावी. आणि डिस्क अजून फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल, तर अपग्रेडच्या आधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्या. त्या एका बदलाने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानेच पडत नाही.

'टीपीएम सापडत नाही' असा शेरा आला म्हणून लगेच निराश होऊ नका. बऱ्याच मदरबोर्डवर ती सोय असते, फक्त बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, इंटेलच्या संगणकावर ती पीटीटी नावाने दिसते, एएमडीच्या संगणकावर एफटीपीएम नावाने. बायोसमध्ये शिरायला संगणक सुरू होताना एफ२ किंवा डिलीटची कळ दाबावी लागते, पण कंपनीगणिक ही कळ बदलते. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी', मग 'रिकव्हरी', मग 'ॲडव्हान्स्ड स्टार्टअप' असं जा. संगणक पुन्हा सुरू होऊन निळा पडदा येईल, त्यात 'ट्रबलशूट'च्या आत 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' सापडेल. पण थांबा, तिथे काहीही बदलण्याआधी खालचा 'अठ्ठेचाळीस अंक' हा रिकव्हरी कीचा भाग वाचा. आणि टीपीएमच्या आसपास 'क्लिअर' असं बटण दिसलं तर त्याला अजिबात हात लावू नका.

एक गोष्ट नवख्यांनी एकट्याने करू नये. संगणकाची माहिती दाखवणाऱ्या 'सिस्टिम इन्फर्मेशन' या खिडकीत 'बायोस मोड' अशी ओळ असते. तिथे 'यूईएफआय' असेल तर ठीक. 'लेगसी' असेल तर डिस्कची मांडणी बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची असणार, आणि ती जीपीटी पद्धतीत बदलल्याशिवाय बायोसमध्ये नुसतं यूईएफआय निवडलं तर विंडोज सुरूच होणार नाही. ही मांडणी फाइल न पुसता बदलता येते, विंडोजमध्येच त्यासाठी साधन दिलेलं आहे. पण हे काम आधी केलेल्या माणसाला शेजारी बसवून करा, आणि फाइलींची प्रत काढल्यावरच करा.

संगणक पात्रच नसेल तर? अटी चुकवून विंडोज ११ बसवायच्या क्लृप्त्या सांगणारे पुष्कळ भेटतील. अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या संगणकावर रोजचं काम चालतं त्यावर मी हे कधीच करणार नाही. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे आणि घरगुती वापरकर्त्यांसाठी तिची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. तेवढ्या वेळात नव्या संगणकाची सोय बघता येते, किंवा जुन्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालून तो आणखी काही वर्षं वापरता येतो.

आदली संध्याकाळ: फाइलींची प्रत

अपग्रेडमध्ये फाइल जागच्या जागी राहतात, हे खरं आहे. तरीही प्रत काढायची, कारण अपग्रेड चालू असताना डिस्कवर प्रचंड लिहिणं-पुसणं होतं आणि म्हातारी झालेली डिस्क नेमकी अशाच दिवशी मान टाकते. दोष विंडोजचा नसतो, पण फोटो गेलेले असतात.

बाहेरची हार्ड डिस्क जोडा आणि त्यात आजच्या तारखेच्या नावाने एक फोल्डर करा. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स सगळ्यांनाच आठवतात. विसरतात ते हे: डेस्कटॉपवर टाकलेल्या फाइल, डाउनलोड्समध्ये वर्षानुवर्षं साठलेल्या पावत्या आणि पीडीएफ, आउटलुकच्या पत्रांची फाइल, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरने सी ड्राइव्हमध्ये स्वतःच्या नावाने केलेलं फोल्डर. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा त्याचीच बॅकअपची आज्ञा असते. ती वापरा, नुसतं फोल्डर उचलून ठेवू नका. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड खात्याशी जोडलेले आहेत का तेही बघा. एखादं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल तर त्याची परवाना-की पत्रांमधून शोधून एका जागी लिहून ठेवा.

क्लाउडवर फाइल आपोआप जातात म्हणून निर्धास्त राहू नका. तिथे चालतं ते सिंक्रोनायझेशन. संगणकावरची फाइल पुसली गेली की वरचीही पुसली जाते, काही दिवस कचरापेटीत थांबते इतकंच. हातात धरता येईल अशी एक वेगळी प्रत हवी.

प्रत झाली की तपासा. फोल्डर दिसलं म्हणजे प्रत झाली असं नाही. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा, वेगवेगळ्या वर्षांचे पाच-सहा फोटो उघडा, एखादी मोठी व्हिडिओ फाइल मध्यापासून चालवून बघा, एक-दोन एक्सेलच्या फाइल उघडा. मग डिस्क काढून कपाटात ठेवा. अपग्रेडच्या वेळी ती जोडलेली नको.

अठ्ठेचाळीस अंक

हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहितोय, कारण यात मी माझ्या मावशीला रडताना पाहिलं आहे.

बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते. विंडोज होममध्ये त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात, प्रोमध्ये 'बिटलॉकर'. पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की कित्येक लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागतं. रोज ते जाणवत नाही, कारण त्याची किल्ली टीपीएममध्ये असते आणि संगणक ती मुकाट्याने लावून उघडतो. बायोसमध्ये काही बदललं की मात्र टीपीएमला शंका येते आणि निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागितली जाते. ४८ अंक, सहा-सहाचे आठ गट.

मावशीच्या लॅपटॉपवर टीपीएम नीट दिसेना म्हणून मी बायोसमध्ये गेलो, एक पर्याय बदलला आणि बाहेर आलो. समोर तो निळा पडदा. तिच्या खात्यात शोधलं, तिथे की नव्हती. घरातला प्रत्येक ईमेल पत्ता वापरून पाहिला, तरी नव्हती. दोन तासांनी तिच्या मुलाच्या लक्षात आलं की लॅपटॉप नवा आणला तेव्हा पहिल्यांदा त्यानेच आपल्या जुन्या खात्याने साइन इन केलं होतं. त्या खात्याचा पासवर्ड तो विसरलेला, आणि तो परत मिळवायचा फोन नंबर बंद पडलेला. तिच्या आईचे शेवटचे फोटो त्या डिस्कवर होते. पासवर्ड अखेर मिळाला आणि डिस्क उघडली, पण ते दोन दिवस मी विसरलेलो नाही. एवढी माहिती असलेल्या माणसाने की हातात नसताना बायोस उघडायला नको होतं.

म्हणून संगणक व्यवस्थित चालू असतानाच हे करा. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात ब्राउझरमधून साइन इन करा आणि 'डिव्हाइसेस'मध्ये बिटलॉकरच्या की शोधा. एकापेक्षा जास्त की दिसल्या तर प्रत्येकीशेजारी 'की आयडी' असतो. निळ्या पडद्यावरही तोच आयडी दिसतो, त्यावरून नेमकी की ओळखायची. सगळे अंक कागदावर लिहून घ्या, एकदा मोठ्याने वाचून ताडून बघा. फोटो काढायचा असेल तर फोनवर काढा. त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलेला फोटो कुलपाच्या आतच अडकेल. प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या बिटलॉकरच्या पानावर 'सस्पेंड प्रोटेक्शन' आहे, बायोसमध्ये जाण्याआधी ते दाबा. नुसत्या अपग्रेडसाठी विंडोज हे काम स्वतःच करतं.

थोडी झाडलोट

सी ड्राइव्हवर २५ ते ३० जीबी तरी मोकळी जागा ठेवा. अपग्रेड जुनं विंडोज काही दिवस जपून ठेवतं, त्याला जागा लागते. सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'मध्ये 'टेम्पररी फाइल्स' साफ केल्या की बरीच सुटते. पण त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही असतं, त्यावर खूण नाही ना ते बघा. विंडोज १० चे बाकी राहिलेले अपडेट आधी करून घ्या. बाहेरचा अँटिव्हायरस घातलेला असेल तर तो काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तोवर पहारा करतो. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, सगळं सुटं करा. कीबोर्ड आणि माउस पुरेत.

डाउनलोड कुठून करायचं

सर्च इंजिनमध्ये शोधून वर येईल त्या पहिल्या दुव्यावर क्लिक करू नका, ती जाहिरात असू शकते. मायक्रोसॉफ्टच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथून पुढे जा. ईमेलमधून, मेसेजमधून किंवा फोनवर 'तुमचं विंडोज कालबाह्य झालंय, हे डाउनलोड करा' म्हणणारा माणूस मायक्रोसॉफ्टचा नसतो. खऱ्याखुऱ्या विंडोज १० वरून विंडोज ११ वर जायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे पैसे मागणारं पान दिसलं की ते बंद करा.

सगळ्यात सोपा रस्ता विंडोज अपडेटचा. सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' उघडा, 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. संगणक पात्र असेल आणि त्याची पाळी आलेली असेल तर विंडोज ११ ची सूचना आणि तिच्याखाली 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' दिसेल. दाबा आणि आपलं काम चालू ठेवा.

संगणक पात्र असूनही ती सूचना येत नाही असंही होतं. कधीकधी एखाद्या ड्रायव्हरशी (संगणकाचा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरशी) पटत नाही म्हणून मायक्रोसॉफ्टनेच ती रोखून ठेवलेली असते. तिथे 'हा संगणक अजून तयार नाही' अशा अर्थाचं काही लिहिलं असेल तर थोडे दिवस थांबा, घाई करू नका. तसं काहीच लिहिलेलं नसेल तर 'इन्स्टॉलेशन असिस्टंट' उतरवून चालवा, तो हेच काम स्वतःहून करतो.

तिसरा रस्ता आयएसओ फाइलचा, म्हणजे इन्स्टॉलची सगळी डिस्क एकाच फाइलमध्ये. ती ५ जीबीहून मोठी असते, पण एकदा उतरवली की दोन-तीन संगणकांना वापरता येते. इंटरनेट अधूनमधून तुटत असेल तरी हाच रस्ता बरा. यात भाषेची निवड जपून करा. आत्ताचं विंडोज 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स'चं असेल तर आयएसओही तीच घ्या. 'इंग्लिश इंटरनॅशनल' घेतलीत तर पुढे ॲप ठेवायचा पर्यायच मिळणार नाही. फाइल पूर्ण उतरली की तिच्यावर डबल क्लिक करा, ती डीव्हीडीसारखी उघडते. आतलं 'सेटअप' चालवा.

पेन ड्राइव्हवरूनही विंडोज बसवता येतं, त्यासाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि त्यातलं सगळं पुसलं जातं. पण त्यावरून संगणक सुरू करून बसवलं तर ते अपग्रेड होत नाही, कोरी मांडणी होते: ॲप जातात, आणि डिस्कचा चुकीचा भाग निवडला तर फाइलही जातात. पहिल्यांदा करणाऱ्याने हा रस्ता धरू नये.

इन्स्टॉल

लॅपटॉप चार्जरला लावा, बॅटरी भरलेली असली तरी. रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम असताना सुरू करू नका.

आयएसओने करत असाल तर शेवटी एक पान येतं: काय ठेवायचं? 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' यावर खूण असली पाहिजे. त्याखालचा पर्याय फक्त फाइल ठेवतो, आणि 'नथिंग' काहीच ठेवत नाही. पहिला पर्याय फिका दिसत असेल, त्यावर खूण करता येत नसेल, तर पुढे जाऊ नका. मागे फिरा, भाषा किंवा आवृत्ती जुळत नसणार.

यानंतर संगणक स्वतःच बंद होऊन सुरू होतो, दोन-तीनदा तरी. काळ्या पडद्यावर टक्केवारी दिसते. एसएसडीवर बहुधा तासाभरात आटोपतं, जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा दिवसही जाऊ शकतो. टक्के सारख्या वेगाने वाढत नाहीत. एखाद्या आकड्यावर वीस-पंचवीस मिनिटं अडून बसतात आणि मग एकदम उडी मारतात. लोक इथेच घाबरतात आणि पॉवरचं बटण दाबून धरतात. तसं करू नका. डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल, पंखा फिरत असेल, तर काम चालू आहे. तीन-चार तास काहीच हललं नाही, तरच बंद करायचा विचार करा.

अपग्रेड अर्ध्यात फसलं तरी विंडोज बहुतेक वेळा केलेले बदल मागे घेऊन जुन्या जागी परततं आणि एक क्रमांक दाखवतं. तो लिहून घ्या. ०एक्स८००७००७० असेल तर जागा कमी पडली. ०एक्ससी१९००१०१ ने सुरू होत असेल तर बहुधा एखादा ड्रायव्हर आडवा आला. लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्या साइटवरून नवे ड्रायव्हर घाला आणि पुन्हा प्रयत्न करा.

उघडल्यावर

पहिल्या साइन इनच्या वेळी विंडोज बरेच प्रश्न विचारतं. वाचून उत्तरं द्या. वनड्राइव्हमध्ये फोल्डरांचा बॅकअप घ्यायला होकार दिलात तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये हलतात, आणि मोफत जागा ५ जीबीच असते. हवं असेल तर जरूर घ्या, पण न वाचता 'नेक्स्ट' दाबून नको.

मग वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर एकेक करून बघा. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. पिवळा त्रिकोण दिसला तर त्या भागाचा ड्रायव्हर हवा आहे. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'च्या आत 'ॲक्टिव्हेशन' बघा, 'ॲक्टिव्ह' असलं पाहिजे. टास्कबारची बटणं मधोमध गेलेली आवडली नाहीत तर 'पर्सनलायझेशन', मग 'टास्कबार' इथे ती डावीकडे नेता येतात. उजव्या क्लिकमधली नेहमीची आज्ञा सापडत नसेल तर 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत ती आहे.

जुनं विंडोज दहा दिवस तुमच्याच डिस्कवर 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमध्ये असतं. तेवढ्या काळात 'सिस्टिम', 'रिकव्हरी', 'गो बॅक' असं करून परत जाता येतं. परत गेल्यास मधल्या काळात घातलेली ॲप राहत नाहीत, आणि मधे केलेल्या नव्या फाइलींचीही आधी प्रत काढून ठेवावी. म्हणून या १० दिवसांत रोजची सगळी कामं मुद्दाम करून बघा: बँकेची साइट, हिशेबाचं सॉफ्टवेअर, स्कॅनर, महिन्यातून एकदाच लागणारं ते जुनं ॲप. जागा हवी म्हणून ते फोल्डर पहिल्याच दिवशी पुसू नका. मुदत संपली की विंडोज ते आपणच काढून टाकतं.

दहाव्या दिवशी दोन गोष्टी करा. बाहेरची हार्ड डिस्क कपाटातून काढून नव्या फाइलींची प्रत घ्या. आणि 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' सुरू आहे का बघा. आधी नव्हतं आणि आता सुरू दिसत असेल, तर खात्यात जाऊन ते ४८ अंक पुन्हा लिहून घ्या, आणि त्या कागदावर लॅपटॉपचं नाव, तारीख आणि की कोणाच्या खात्यात आहे तेही लिहा.